हाली आणि कलदार : सीमाभागातील व्यवहारबुद्धीचा एक अध्याय

आमच्या घरी दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या पाटावर चार रुपये मांडले जातात. त्यांपैकी तीन राणीछाप आहेत. चौथ्यावर चारमिनारचे चित्र आहे. आजीने ते हळदीच्या फडक्यात बांधून पितळी डब्यात ठेवले होते. तिच्यामागे तो डबा आईकडे आला आणि आता तो आमच्या संसारात आहे. लहानपणी आम्हांस एक कोडे पडे. आजीचे निम्मे आयुष्य निजामाच्या राज्यात गेले. तिच्या हातून चारमिनारी रुपये पुष्कळ गेले असणार आणि राणीचे त्या मानाने थोडे. मग डब्यात राणीचे तीन आणि चारमिनारचा एक, हे प्रमाण उलटे कसे? आजीचे उत्तर एका वाक्याचे होते : "बाळा, ते चालवायचे होते, हे ठेवायचे होते."

या वाक्यात अर्थशास्त्राचा एक जुना सिद्धांत भरला आहे, हे कळण्यास आम्हांला पदवी घ्यावी लागली. आणि तो सिद्धांत जसा पुस्तकांत सांगतात तसाच आमच्या भागात लागू पडला नाही, हे कळण्यास आणखी वीस वर्षे लागली. त्या वीस वर्षांत जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा अल्प प्रयत्न आहे.

अर्थशास्त्र म्हणजे राजांचे खजिने, व्यापार आणि जकाती यांचे शास्त्र, अशी आमच्या शिक्षकवर्गात अजूनही समजूत आढळते. लोकहितवादींनी १८४९ साली 'लक्ष्मीज्ञान' लिहून या विषयाचा मराठीत पाया घातला, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर देशाचे दारिद्र्य होते. साध्या गृहस्थाची घरातली वागणूक हा त्यांचा विषय नव्हता. १८९० मध्ये केंब्रिजच्या आल्फ्रेड मार्शलने मनुष्याचा रोजचा व्यवहार हाच या शास्त्राचा खरा विषय म्हणून सांगितला. पुढे अमेरिकेतील गॅरी बेकर याने लग्न, अपत्ये, शिक्षण, गुन्हेगारी अशा सगळ्याच गोष्टींना नफ्यातोट्याचा हिशेब लावून दाखविला. त्याला १९९२ चे नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आम्ही नुकतेच शिक्षकी पेशात शिरत होतो. आणि माणसाला दुकानदार ठरविणारे हे कसले शास्त्र, म्हणून शिक्षकांच्या खोलीत तावातावाने बोललोही होतो. तो आक्षेप आम्ही पुरता मागे घेतलेला नाही. परंतु ज्या भागात आम्ही जन्मलो त्याचा आर्थिक इतिहास पाहू लागल्यावर त्याची धार बोथट झाली, हे कबूल केले पाहिजे.

बीदर आणि गुलबर्गा (२०१४ पासून अधिकृत नावाने कलबुर्गी) हे जिल्हे १९४८ पर्यंत निजामाच्या संस्थानात आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. आळंदच्या पश्चिमेस अक्कलकोटचे छोटे संस्थान आणि त्याला लागून सोलापूर जिल्हा. तो मुंबई इलाख्यातला, म्हणजे इंग्रजी मुलूख. गुलबर्ग्याहून आगगाडीत बसले की काही तासांत सोलापूर येई. भालकी-औरादकडचा माल लातूरच्या पेठेत जाई, आणि लातूरहून १९११ पासून बार्शी लाइट रेल्वेने बार्शीस. बार्शी पुन्हा इंग्रजी हद्दीत. म्हणजे आमच्या शेतकऱ्याचे शेत एका राज्यात, तर त्याच्या कापसाचे आणि गळिताच्या धान्याचे गिऱ्हाईक पुष्कळदा दुसऱ्या राज्यात, अशी स्थिती होती. आणि या दोन राज्यांचे रुपये वेगळे होते.

निजामाच्या रुपयाला 'हाली सिक्का' म्हणत. पुढे उस्मान अली खानाच्या काळात कागदोपत्री 'सिक्के उस्मानिया' हे नाव रूढ झाले. हाली म्हणजे सध्या चालू असलेला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या राज्यात अनेक टांकसाळींचे अनेक तऱ्हांचे रुपये चालत. त्या गोंधळात दरबाराने जो मान्य केला तो हाली, एवढाच त्या नावाचा अर्थ. आपण मराठीत 'हल्ली' म्हणतो तो हाच अरबी शब्द. नाणे गेले आणि शब्द आमच्या तोंडी राहिला. इंग्रजांचा रुपया 'कलदार', म्हणजे कळ असलेल्या यंत्रावर पाडलेला. विसाव्या शतकाच्या आरंभापासून निजामाचा चारमिनारी रुपयाही यंत्रावरच पडू लागला. तरी लोकांनी जुने नाव सोडले नाही. कलदार म्हणजे इंग्रजांचा, हाली म्हणजे आपला.

या दोहोंचा विनिमय सात हालीस सहा कलदार असा असे. शंभर कलदारांचे हाली एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै. जुन्या कारकुनांना हा आकडा पाढ्यासारखा पाठ असे. हे प्रमाण आले कोठून? इंग्रजी रुपया एक तोळ्याचा, म्हणजे १८० ग्रेन वजनाचा, आणि त्यात बारा भागांतले अकरा भाग चांदी, म्हणजे १६५ ग्रेन. चारमिनारी रुपयाचे वजन सुमारे साडेएकशे बाहत्तर ग्रेन आणि चांदी हजारात ८१८. गुणाकार केला तर १४१ ग्रेन येतात. आता १६५ ला १४१ ने भागावे. उत्तर सातास सहा या प्रमाणाच्या अगदी जवळ येते. आमच्या नववीच्या विद्यार्थ्यांकडून आम्ही हे गणित दर वर्षी करवून घेतो, आणि इतिहासाच्या तासाला गणित आले म्हणून ते दर वर्षी कुरकुरतात. अर्थात केवळ धातूवर हा दर टिकला नाही. १८९३ साली इंग्रज सरकारने लोकांच्या चांदीसाठी टांकसाळी बंद केल्यानंतर कलदाराची किंमत त्याच्या चांदीहून वर राहू लागली. तेव्हा हैदराबाद सरकारलाही आपल्या नाण्याचा दर सांभाळण्याची खटपट करावी लागली. मालाच्या निर्यातीच्या हंगामात हालीला मागणी चढे, एरवी उतरे, आणि मधला बट्टा सराफाच्या पदरात पडे.

अशा मुलुखात 'रुपया' हा शब्द एकटा उच्चारून भागत नसे, हे वाचकांच्या ध्यानी येईल. सातशे रुपये हुंडा ठरला म्हटल्याने काहीच ठरत नसे. हाली म्हटले तर ते सहाशे कलदार. कलदार म्हटले तर ते आठशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. सोलापूरकडची सोयरीक असली की बैठकीत सुपारी फुटण्यापूर्वी कोणीतरी वडीलधारा घसा खाकरून विचारी, "कोणत्या नाण्यात?" आमच्या आजोबांच्या वेळची एक सोयरीक याच प्रश्नावर मोडता मोडता राहिली, असे घरात सांगत. खरेदीखतात तर नाण्याचे नाव लिहिल्यावाचून गत्यंतरच नव्हते. त्या काळचे दस्तऐवज पाहावेत : इतके रुपये सिक्के उस्मानिया, ज्याचे निम्मे इतके होतात. रकमेचे निम्मे पुन्हा अक्षरी लिहीत, म्हणजे पुढे कोणी आकड्यावर शून्य चढविण्याची सोय राहू नये. अविश्वासाचे इतके नीटस व्याकरण आम्ही अन्यत्र पाहिलेले नाही.

आयर्विंग फिशर या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये द्रव्याविषयीच्या भ्रमावर एक पुस्तक लिहिले. रुपया तो रुपयाच, त्याची किंमत हलत नाही, हलतात ते वस्तूंचे भाव, असे मानण्याची लोकांस खोड असते, हा त्याचा मुद्दा. त्याच्याही पाच वर्षे आधी, १९२३ साली, डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या ग्रंथात, रुपया काय विकत घेऊ शकतो या कसोटीवरच त्याचे स्थैर्य मोजले पाहिजे, असे बजावले होते. हे दोन्ही ग्रंथ विद्वानांसाठी होते. आमच्या आळंद-बसवकल्याणकडच्या निरक्षर शेतकऱ्याला हा भ्रम फारसा बाधलाच नाही, असे आमचे नम्र मत आहे; कारण रुपयाची किंमत हलते हे त्याला आठवडी बाजारातच दिसे. त्याला संशयी म्हणत, कवडीचुंबक म्हणत. अडत्याची हिशेबपट्टी तीनदा वाचून घेतो म्हणून हसत. वस्तुतः तो एकच प्रश्न तीनदा विचारीत असे.

आता आजीच्या वाक्याकडे वळू. खोटे नाणे खऱ्याला बाजारातून घालवून देते, या सिद्धांताला सोळाव्या शतकातील इंग्रज व्यापारी टॉमस ग्रेशम याचे नाव मिळाले आहे. कोपर्निकसनेही त्याच शतकात नाण्यांवरील निबंधात तेच सांगितले होते. तेव्हा उत्तम कलदार डब्यात गेला आणि हलका हाली बाजारात फिरला, हे ग्रेशमच्या नियमाचे उदाहरण, असे आम्ही बरीच वर्षे वर्गात सांगत होतो. ते चूक होते. दोन नाणी कायद्याने एकाच किमतीला घ्यावी लागतात, तेव्हाच हा नियम चालतो. हाली आणि कलदार यांत तशी सक्ती नव्हती. दोहोंतले अंतर जगजाहीर होते. म्हणून कोणी कोणाला हुसकावले नाही आणि दोन्ही नाणी सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या सुखाने नांदली. सारा हालीत भरायचा, सोलापूरचे कापड कलदारात घ्यायचे; ज्याचे काम त्याला.

ग्रेशमचा नियम आमच्याकडे खरा आला तो १९४० मध्ये, आणि तोही कलदाराच्या पोटात. महायुद्धामुळे चांदी टंचाईत येताच इंग्रज सरकारने रुपयातील चांदी बारातल्या अकरा भागांवरून थेट निम्म्यावर आणली. राणीचा रुपयाही एक रुपया आणि नवा सहाव्या जॉर्जचा रुपयाही एक रुपया; पण एकात १६५ ग्रेन चांदी आणि दुसऱ्यात ९०. मग काय व्हायचे ते झाले. राणीछाप रुपये दिसेनासे झाले. सरकारने नाणी साठविणे हा गुन्हा ठरविला, एक रुपयाची नोट काढली, आणि १९४१ पासून दोन-तीन वर्षांत जुने रुपये टप्प्याटप्प्याने चलनातून रद्द केले. पुष्कळ रुपये सरकारी खजिन्यात परत गेले. पण पुष्कळ डब्यांत, मडक्यांत, आणि आमच्या भागातील तांड्यांवर लमाणी स्त्रियांच्या गळ्यांत राहिले. आजीला अकरा भाग आणि सहा भाग कोणी सांगितले नव्हते. ती रुपया जात्याच्या पाळूवर आपटून ऐके.

येथे एका तिसऱ्या नाण्याचा उल्लेख न केल्यास चित्र अपुरे राहील. ते नाणे म्हणजे ज्वारी. आमच्या आजोबांच्या वह्यांत पाडव्यापासून पाडव्यापर्यंत ठरलेल्या सालगड्यांचे करार आहेत. रोख अमुक, ज्वारी अमुक पायल्या, घोंगडे एक, जोडा एक. नोंद दर वर्षी अशीच. सालगडी सगळे रोख का मागत नाही, याचे पूर्वीचे स्पष्टीकरण 'जुनी रीत' एवढेच असे, आणि सुधारक मंडळी तर धान्याच्या मजुरीला मागासलेपणाची खूण समजत. पण ज्याला दोन रुपयांचा भरवसा नाही तो पोटापुरते धान्यातच बांधून घेतो, यात मागासलेपण कसले? १९४२ मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला, तिकडचा तांदूळ बंद झाला आणि सगळीकडे धान्याचे भाव कडाडले. निजामाच्या राज्यात धान्याची लेव्ही सुरू झाली. हा इंग्रजी शब्द आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी अगदी अलीकडेपर्यंत शिवीसारखा येत असे. त्या वर्षांत ज्याची मजुरी रोखीत होती त्याचा रुपया हातात विरघळला. ज्याची ज्वारीत होती त्याची भाकरी निदान तेवढीच राहिली. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची चिकित्सा अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये प्रसिद्ध केली. तीत रोखीवर जगणारे शेतमजूर आणि मासेमार सर्वांत अधिक भरडले गेले, आणि पिकाचा वाटा घेणारे बटाईदार त्या मानाने वाचले, असे त्यांनी दाखविले आहे. ते प्रकरण वाचताना आम्हांला आजोबांच्या वहीतल्या त्या ओळी आठवल्या, आणि ज्या सालगड्यांची नावे त्यांत आहेत त्यांच्याविषयी आम्ही वर्षानुवर्षे काय बोलत आलो तेही आठवले.

करोडगिरीचे, म्हणजे निजामाच्या जकातीचे, वर्णन थोडक्यात करतो. १८०२ च्या व्यापारी तहाने निजामाच्या राज्यात येणाऱ्या मालावर शेकडा पाच जकात ठरली होती. सीमेवर नाकी होती, आणि ती चुकविण्याच्या गोष्टी घरोघरी आहेत. लग्नाचा बस्ता सोलापुरास बांधून परत येताना बायका लुगड्यावर लुगडे नेसून नाके ओलांडीत, ही आम्ही आमच्याच घरात ऐकलेली. पण लक्षात घेण्यासारखे असे की, अशा गोष्टी कापडाच्या आहेत, चांदीच्या आहेत. मिठाच्या किंवा भुसाराच्या आम्ही ऐकल्या नाहीत. शंभर रुपयांमागे पाच रुपये वाचवायचे तर शंभराचा माल अंगावर मावला पाहिजे. मिठाचे पोते पाठीवर घेऊन रानातून दोन कोस वळसा घालणाऱ्याचा दिवस बुडे आणि चार आणे वाचत. लोकांच्या नीतीची परीक्षा या गोष्टींवरून करू नये. कोणता माल किती जड, याचीच ती परीक्षा आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १८९२ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात दिलेले व्याख्यान हा आमच्या अर्थविचाराचा मानदंड आहे. पाश्चात्त्य अर्थशास्त्राने गृहीत धरलेला केवळ स्वार्थ जाणणारा सुटा माणूस आपल्याकडे नाही. आपल्याकडे कुटुंब आणि जात या व्यक्तीहून बलवत्तर, आणि रूढी ही स्पर्धेहून बलवत्तर, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांचा अधिकार मान्य करूनही आम्हांस असे वाटते की, त्यांनी रूढी आणि हिशेब यांत जितके अंतर मानले तितके ते नव्हते. सालगड्याचा ज्वारीचा करार ही रूढीच होती. पण ती रूढी का टिकली, हे हिशेबावाचून कळत नाही. कुटुंब व्यक्तीहून मोठे होते खरे. पण डबा कुटुंबाचाच होता, आणि त्यात काय जावे हे ठरविणारी बाई पै-पैचा विचार करीत होती. उलट बाजूने, बेकरपंथीयांची सर्वच वागणूक हिशेबात बसविण्याची हौसही आम्हांस पटत नाही. सुगी तोंडावर असताना शेत टाकून पंढरीची कार्तिकी वारी करणारा, गाणगापुरास सेवेला राहणारा, खाजा बंदेनवाजांच्या उरुसाला कर्ज काढून जाणारा माणूस आमच्याच गावांत होता आणि आहे. त्यालाही मनःशांतीचा नफा लावून दाखविता येईल. पण मग कोणत्याही वागण्याला तो लावता येईल, आणि जे सगळ्यालाच लागू पडते त्याने काहीच समजत नाही.

नाणी बदलली तो काळ मात्र बारकाईने पाहण्यासारखा आहे. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले. १९५० पासून भारतीय रुपया राज्यात हालीच्या जोडीने चालू लागला, दर तोच, सातास सहा. लवकरच हालीची नवी निपज थांबली, आणि १९५९ मध्ये ते चलन कायमचे रद्द झाले. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बीदर जिल्हाच तीन राज्यांत वाटला गेला. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले. जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात. आणि त्यावर पाच महिने होतात न होतात तोच, १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन नवे पैसे आले. राज्य, जिल्हा, रुपया आणि रुपयाचे भाग, चारही गोष्टी दहा वर्षांच्या आत पालटल्या. इतिहासाच्या पुस्तकांत यांपैकी पहिल्या दोनच असतात.

सातास सहा हा दर कागदावर सरळ दिसतो. पण एका हाली रुपयाचे कलदार तेरा आणे आठ पै आणि वर एका पैचे चार सप्तमांश होतात. ते चार सप्तमांश कोणी कोणाला द्यायचे? समजा, मजुराची रोजची मजुरी आठ आणे हाली आहे. तिचे बरोबर नवे नाणे सहा आणे सव्वादहा पै. मालक साडेसहा आणे देतो की सात? वडीलधारी सांगत की खळ्याच्या दिवसांत सात मिळत आणि उन्हाळ्यात साडेसहा. सरकारचा दर एकच होता. अपूर्णांक कोणाकडे वळायचा हे गरज कोणाला अधिक, यावर ठरे. मोठ्या रकमांत ही पै कोणी मोजीत नाही. ज्याची रक्कमच आण्यांची, त्याला ती रोज लागे.

नव्या पैशांच्या वेळी हीच गोष्ट पुन्हा घडली, पण या खेपेस गृहिणींनी थोडी वसुली केली. सरकारी तक्त्याप्रमाणे एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चारांचे पंचवीस. आजीला हा तक्ता कोणी वाचून दाखविला असेल तो असो. त्या वर्षी आमच्या बारा वर्षांच्या वडिलांना तीन आण्यांचा गूळ आणण्यासाठी एकेका आण्याच्या तीन हेलपाट्या घालाव्या लागत. एकदम घेतला तर एकोणीस पैसे, तीनदा घेतला तर अठरा. वाण्याने आठ दिवसांत ही युक्ती ओळखली आणि एक आण्याच्या गुळाचा खडा लहान केला. वडील शेवटपर्यंत म्हणत, त्या एका पैशाच्या पायी आमची चप्पल झिजली तिचा हिशेब तुझ्या आजीने कधी केला नाही.

हे सर्व लिहिताना एक प्रसंग आमच्या मनात सारखा येत आहे, आणि तो येथे सांगणे आम्हांस प्राप्त आहे. आमची शाळा सीमेवरील मराठी माध्यमाची. काही वर्षांपूर्वी एक शेतकरी पालक धाकट्या मुलाचा दाखला मागण्यास आले. थोरला आमच्याच शाळेत शिकून लातुरास नोकरीला लागलेला. धाकट्याला ते कन्नड माध्यमात घालणार होते. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि मातृभाषेवर व्याख्यानही दिले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "गुरुजी, थोरला तिकडं चालतो. ह्यो इकडं चालला पाहिजे. दोन्ही एकाच पेवात घालून कसं भागंल?" आम्ही दाखल्यावर सही केली, परंतु त्या दिवशी घरी जाऊन त्यांना स्वाभिमानशून्य ठरविले होते, हे लपवीत नाही. आजोबांच्या वहीतला सालगडी रोख आणि ज्वारी अशी विभागणी करी. या गृहस्थांनी दोन मुलांत दोन भाषांची केली होती. त्यांच्या घरी बोलणे मराठीतच होते, तुकोबांचे अभंग होते, पंढरीची वारीही होती. आम्ही ज्याला भाषेचा त्याग म्हणत होतो तो त्यांच्या लेखी, या राज्यात सारा कोणत्या नाण्यात भरायचा, एवढाच प्रश्न होता.

म्हणून आमचे समाधान झाले असे मात्र नाही. एकेका घराचा हिशेब बरोबर असूनही गावाची बेरीज चुकू शकते. दहा घरांनी दहा शहाणपणाचे निर्णय घेतले की आमचा वर्ग रिकामा होतो, शिक्षकाचे पद जाते, ग्रंथालयाचे कपाट कुलूपबंद राहते. आणि मग अकराव्या घराला, ज्याला मुलीला मराठीतच शिकवायचे आहे, त्याला ती निवडच उरत नाही. त्या अकराव्या घराचा तोटा पहिल्या दहांच्या कोणाच्याच वहीत मांडला जात नाही. तो कोणी मांडावा, पालकांनी, सरकारने, की साहित्यसंस्थांनी, याविषयी अर्थशास्त्रात पुष्कळ लिहिले गेले आहे. आमच्या पटावरील संख्या त्या लिखाणाने वाढलेली नाही. पालकांना दोष देण्याचे मात्र आम्ही सोडले आहे, आणि दाखला मागणाऱ्याला आता व्याख्यान देत नाही.

डब्यातल्या चौथ्या रुपयाचे सांगावयाचे राहिले. तीन राणीछाप रुपये ठेवण्याजोगे म्हणून ठेवले, हे समजते. पण चारमिनारचा तो एक आजीने जुन्या राज्याची आठवण म्हणून ठेवला असावा, असे आम्ही धरून चाललो होतो, आणि हिशेबाबाहेरची एक तरी वस्तू त्या डब्यात आहे याचे आम्हांस बरेही वाटत होते. गेल्या दिवाळीपूर्वी ते चारही रुपये उजळण्यासाठी सराफाकडे नेले. चारमिनारी रुपयावरचे साल आमच्या एका उर्दू शिक्षक मित्राने वाचून दिले : हिजरी १३३७, म्हणजे इसवी सन १९१८-१९. हे चांदी घटविण्यापूर्वीचे नाणे. हजारात ८१८ चांदीचे. सराफाने तो काट्यावर टाकला आणि सांगितले की, चाळीस सालानंतरच्या इंग्रजी रुपयाहून यात चांदी पुष्कळ अधिक आहे, विकायचा असल्यास तो दीडपट भाव देईल. आम्ही चारही रुपये परत आणून हळदीच्या फडक्यात बांधून ठेवले.